फळ्यांची जमीन

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवरचे माझे संदेश तू उघडत नाहीस, हे मला दिसते. पत्र मात्र पोस्टमन दारात टाकून जातो, आणि दारात पडलेला कागद ओलांडून पुढे जाणे तुझ्यासारख्या टापटिपीच्या शिंप्याला जमणार नाही. म्हणून हा मार्ग. आयुष्यभर महाविद्यालयात बांधकामशास्त्र शिकवल्यामुळे कोणतीही गोष्ट पहिल्यापासून क्रमाने मांडल्याशिवाय ती सांगितली असे मला वाटतच नाही. माझ्या या खोडीवर तू हवेत खडू फिरवून दाखवायचास आणि पुढे तुझ्या खुणांच्या भाषेत तेच माझे नाव होऊन बसले. तेव्हा खडू हातात घेतला आहे, असे समज.

टीव्ही वाहिनीला तुझ्या घरी पुन्हा यायचे आहे. गरजू कुटुंबाचे घर आठवड्याभरात पालटून टाकणारा, मी बांधकामाची सल्लागार असलेला आमचा कार्यक्रम गेल्या वर्षी ज्या घरांत गेला, त्यांतल्या काही घरांत 'वर्षानंतर' काय चित्र आहे, ते प्रेक्षकांना दाखवायचे ठरले आहे. यादीत पहिले घर तुझे आहे. निर्मातीबाईंनी तुला रीतसर कळवले होते आणि त्यांच्याच कागदावर 'नाही' एवढे लिहून तू तो परत पाठवलास, असे त्या म्हणाल्या. त्या 'नाही'चा फेरविचार करावास, एवढ्यासाठी हे पत्र.

मिळाले ते आधी पाहू. तुझ्या जुन्या छपराला इतकी भोके होती की पाऊस लागला की वहिनी शेगडी घेऊन घरभर फिरायची. आता ती एका जागी उभी राहून स्वयंपाक करते. शिवणयंत्रामागच्या भिंतीत वायरींची आवरणे उंदरांनी खाल्ली होती. भिंत फोडल्यावर ते मी डोळ्यांनी पाहिले. कापडाच्या ढिगाऱ्याला लागून उघडी तार, आणि तुम्हा दोघांना ना ठिणगीचा तडतडाट ऐकू येणार, ना शेजाऱ्यांची हाक. शिवाय भिंतींची बुरशी गेली आणि भिंगरीचा खोकला गेला. तुझ्या लेकीचा तो खोकला ऐकू येणारी मोठ्या माणसांत मीच एक होते, म्हणून तो थांबल्याचे मोल मला अधिक आहे. ही कामे तुझ्या किंवा माझ्या ऐपतीत कधी झाली असती का, हे शांतपणे स्वतःला विचार.

राहता राहिली जमीन. तुला फळ्यांची जुनी जमीन परत हवी आहे, हे मला ठाऊक आहे. पण फरशी देणाऱ्या कंपनीची अट अशी, की वर्षानंतरचे चित्रण होईपर्यंत ती उखडता येणार नाही. म्हणजे चित्रण जितके लवकर, तितकी तुझी सुटका लवकर. अर्ध्या दिवसाचे काम आहे. तू हात हलवायचे, मी बोलायचे, नेहमीसारखे.

मागच्या वेळेबद्दल तुझ्या मनात राग आहे. त्याविषयीही लिहीन. आज मूळ मुद्द्याला फाटे फोडत नाही.

वहिनीला नमस्कार, भिंगरीला पापा.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझे कार्ड आले. ते समोर ठेवूनच लिहिते आहे.

'ती पडली. महिना झाला. स्वयंपाकघर. फरशीवर पाणी होतं. हाताने जमीन बडवत राहिली. मी मशीनवर होतो. मला कळलं नाही. भिंगरी शाळेतून आली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं. तुझ्या कार्यक्रमाला सांग, भीक नको पण कुत्रं आवर.'

महिना होऊन गेला आणि मला पत्ता नाही! तू कळवले नाहीस म्हणून क्षणभर रागच आला. मग पहिल्या पत्रात मी काय लिहिले ते आठवले: आता ती एका जागी उभी राहून स्वयंपाक करते. ते वाक्य तू वाचत होतास तेव्हा ती आतल्या खोलीत खाटेवर पडलेली असणार.

वहिनी जमीन बडवत होती आणि भिंतीपलीकडे तू शिवत होतास, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून माझ्या नेहमीच्या पद्धतीने ते समजून घ्यायला बसले. फळ्यांची जमीन लाकडी तुळयांवर अंथरलेली असते आणि तुळयांखाली पोकळी असते. तिच्यावर टाच आपटली की फळी थरारते, फळीबरोबर तुळई, आणि तो थरार घराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याच्या तळपायापर्यंत जातो. ऐकणाऱ्या माणसाला भिंतीआडून हाक पोहोचते, तशी तुम्हाला ही हाक पोहोचते. फार सुंदर गोष्ट आहे ही, धाकट्या! वर्गात शिकवायला मिळाली असती तर तासभर रंगले असते. आणि तीच पोकळी खडीने भरली, वर काँक्रीट ओतले, त्यावर फरशी चिकटवली, की टाच फुटली तरी पलीकडे मुंगीलाही कळत नाही.

हे मला माहीत नव्हते, असे म्हणायची सोय नाही. आपण वाढलो त्या घराची जमीनही फळ्यांचीच होती. जेवण झाले की आई टाच आपटायची आणि तू अंगणात उतरणाऱ्या जिन्याच्या पायरीवरून उठून यायचास. खालच्या मजल्यावरची बाई एकदा वर येऊन म्हणाली, "तुमच्याकडे रोज दुपारी भूकंप का होतो?" आई म्हणाली, "भूकंप कसला? मुलगा जेवायला येतोय." ही गोष्ट मी कितीतरी लोकांना हसत हसत सांगितली आहे.

मग आराखडा ठरवताना ती आठवली का नाही? ती बैठक मी पुन्हा पुन्हा मनात लावून पाहते. निर्मातीबाई होत्या, कंत्राटदार होता, कॅमेरामन कोपऱ्यात चहा पीत होता. जमिनीच्या एका बाजूला वाळवी लागली होती, एवढे खरे. मी खडूने फळ्यावर तुझ्या घराचा छेद, म्हणजे घर मधोमध कापले तर दिसेल तसे चित्र, काढला आणि मातीतली ओल लाकडात कशी चढते, वाळवी तिच्या मागोमाग कशी येते, ते समजावले. सगळे मन लावून ऐकत होते. मला तर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वर्ग भरल्यासारखे वाटले.

कंत्राटदार म्हणाला, "खराब तुळया तेवढ्या बदलता येतील. पण सुकलेलं लाकूड शोधून आणायला वेळ लागतो. आठवड्यात नाही बसत."

"मग आठवड्यात काय बसतं?" निर्मातीबाईंनी विचारले.

"भराव, काँक्रीट, वर फरशी."

"चकचकीत?"

"इतकी, की तिच्यात तोंड बघून भांग पाडा!"

सगळे हसले. मीही हसले. मग कॅमेरामनने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घरच्यांना एकदा विचारायचं का?"

"विचारल्यावर सरप्राइज काय राहिलं?" निर्मातीबाई म्हणाल्या. "आणि या आहेत की इथे. सख्खी बहीण. घरच्याच नाहीत का त्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. तेवढ्याने तुझी जमीन गेली.

वाळवी मला दिसली, ओल दिसली, त्यावर चालणारा माणूस दिसला नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असे आपण दुसऱ्याला किती सहज म्हणतो.

वहिनीला टेकू घेऊन उभे राहता येते का, एवढे तरी कळव. मागच्या पत्रात चित्रणाचे लिहिले होते, त्याचे उत्तर दिले नाहीस तरी चालेल.

ताई


८ मार्च

धाकट्या,

तू कळवले नाहीस, पण भिंगरीचा फोन आला होता. तिला रागावू नकोस. शाळेच्या ऑफिसातून केला होता तिने.

"आत्या, आई काठी घेऊन चालते आता," ती म्हणाली. "पण आम्हाला दोरी बांधावी लागली."

"दोरी कसली गं?"

"आईच्या खाटेपासून बाबांच्या मशीनपर्यंत. आईने ओढली की बाबांच्या मनगटाला झटका बसतो. बाबा म्हणतात, मी आता बैल झालो." मग म्हणाली, "आत्या, तू टीव्हीत खोटं का बोललीस?"

मी म्हणाले, "बाबांना पत्र लिहिते आहे त्याबद्दल." ती म्हणाली, "मला पण लिही," आणि फोन ठेवला.

तेव्हा आता टाळाटाळ पुरे. तिलाही वाचून दाखवता येईल असे लिहिते.

त्या दिवशी घर दाखवायच्या आधी निर्मातीबाई सगळ्यांना सांगत फिरत होत्या, "रडू येणार असेल तर लवकर येऊ दे हं, ऊन जातंय." फरशीवाल्या कंपनीचे साहेब आले होते. आठवडाभर राबलेले गवंडी, सुतार, रंगारी अंगणात दाटीवाटीने उभे होते, आणि त्यांचे काम मनापासूनचे होते, हे तूही नाकारणार नाहीस. दार उघडले. वहिनी सरळ स्वयंपाकघराकडे गेली. तू मध्यभागी थांबलास आणि टाच आपटलीस. वहिनीने वळून पाहिले नाही. तू पुन्हा आपटलीस, मग दोन्ही पायांनी आपटलीस. अंगणातून टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटले, तू आनंदाने नाचतो आहेस.

तू माझ्याकडे वळलास. तुझे हात सावकाश, अगदी स्पष्ट चालले होते: 'जमीन मेली. कोणी मारली?'

सूत्रसंचालकाने माइक माझ्या तोंडापुढे धरला. "काय म्हणतायत भाऊ?"

आणि मी म्हणाले, "तो म्हणतोय, त्याचे पाय जमिनीवर ठरत नाहीत."

तुला तेव्हा वाटले, मी तुझे म्हणणे सांगितले. म्हणून तर तू सूत्रसंचालकाच्या तोंडाकडे उत्तरासाठी पाहत राहिलास, आणि त्याने तुला मिठी मारली. खरे कळले ते कार्यक्रम दाखवला गेला त्या संध्याकाळी. शेजारीपाजारी तुझ्या घरी जमले होते, आणि तुझ्यासारख्यांना वाचता यावे म्हणून पडद्याच्या तळाशी जो मजकूर फिरतो, त्यात तुझ्या हातांखाली माझे वाक्य उमटले. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात आलास. आत आला नाहीस. म्हणालास, 'लोकांना माझं बोलणं कळत नाही, याची सवय आहे. तुला कळलं होतं.' आणि गेलास. तेव्हापासून आपण भेटलेलो नाही.

कारणे देता येतील. प्रकाश जात होता. माणसे ओळखीची होती, थकलेली होती. त्यांच्या तोंडावर 'तुम्ही घर बिघडवलेत' असे कसे म्हणायचे, हा प्रश्न होता. यांतले एकही कारण खोटे नाही. पण तुझ्या हातांकडे पाहताना जी भीती वाटली, ती त्यांच्यासाठी नव्हती. ती जमीन माझ्या मान डोलावण्याने गेली होती आणि ते सगळ्यांसमोर येणार होते.

आणखी एक. वाहिनीने मला स्वतंत्र कार्यक्रम देऊ केला आहे. घर कसे बांधावे, कसे राखावे, ते सोपे करून सांगायचे, असे मला हवे होते तसेच सगळे. तुझ्या घरचे दुसरे चित्रण चांगले झाले तर तो नक्की होईल, असे सांगण्यात आले आहे. पहिल्या पत्रात 'तुझी सुटका' असे लिहिले, तेव्हा हे ठाऊक असूनही लिहिले नाही.

आता लिहिले. यापुढे तू 'नाही' म्हणालास तर ते 'नाही'च मी वाहिनीला पोहोचवीन.

ताई

ता. क. भिंगरीसाठी: आत्या खोटे बोलली, कारण खरे सांगितले असते तर चूक तिचीच निघाली असती.


२४ मार्च

धाकट्या,

'चित्रण करा. मग जमीन मोकळी करा. बोलायला शाळेतल्या बाई. तू नको.'

तुझे हे कार्ड मी निर्मातीबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, "शाळेतल्या बाई कोण?"

"मूकबधिर शाळेत शिकवतात. खुणांच्या भाषेच्या जाणकार आहेत."

"अहो पण मॅडम, लोकांना भाऊ-बहीण बघायचेत. परक्या बाईला कोण बघणार? तुम्ही त्याला जरा समजवा. तुम्ही किती छान समजावता!"

"समजावून झालं. त्यातूनच हे झालंय."

मग मी म्हटले, की पडद्याच्या तळाशी जो मजकूर जाईल तो दाखवण्याआधी त्याला वाचायला मिळाला पाहिजे. त्यावर त्या हसल्या. "प्रत्येक घराला असं विचारत बसलो तर कार्यक्रम आपल्या नातवंडांना दाखवू." तरी शेवटी "बघू" म्हणाल्या. मी उठले तेव्हा मागून आवाज आला, "आणि तुमच्या त्या नवीन कार्यक्रमाचंही... बघू हं, मॅडम." बघू या शब्दाला किती मजले असतात, ते त्यांच्याकडून शिकावे.

'तू नको' वाचून वाईट वाटले नाही, असे लिहिणार होते. वाटले. तू चालायला लागलास तेव्हापासून दुकानदार, डॉक्टर, मास्तर सगळे माझ्याकडे पाहून विचारत, 'काय म्हणतोय तो?' आणि मी सांगत असे. ते माझे पहिले काम होते आणि मी त्यात हुशार होते.

रिकामी बसवेना, म्हणून आमच्या कार्यक्रमाने पालटलेली दोन घरे कॅमेऱ्याशिवाय पाहून आले. एका घरात चाकांच्या खुर्चीतले निवृत्त पोस्टमास्तर आहेत. दारापासून फाटकापर्यंत आम्ही त्यांना उतार बांधून दिला होता. त्यांच्याशी मी कार्यक्रमाच्या त्रुटींबद्दल बोलू लागले, तर म्हातारा माझ्यावरच उखडला. "नावं कसली ठेवता? मी रोज फाटकापर्यंत जातो! जाणाऱ्या-येणाऱ्याला शिव्या घालतो! घरात बसून कुणाला घालू? सुनेला?" त्यांची सून आतून म्हणाली, "मलाच घालत होते, ताई. उतार झाला आणि मी सुटले."

दुसरे घर टॅक्सीचालकाचे. तिथे बैठकीत आम्ही झुंबर लावले होते. ते बंद होते. मी विचारले तर त्याची बायको म्हणाली, "पाहुणे आले की लावतो."

"मग येतात का पाहुणे?"

"येतात, दारातूनच बोलून जातात. म्हणतात, तुमच्या घराला आमच्या चपला शोभत नाहीत." मग हसून म्हणाली, "आम्हीसुद्धा मागच्याच खोलीत बसतो. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!" मी विचारले, की आम्ही काय करायला हवे होते? ती लगेच म्हणाली, "नळ. नळ आत घ्यायला हवा होता. पाणी अजून बाहेरूनच भरते मी."

झुंबर बसवण्याआधी कोणी तिला विचारले असते, तर उत्तर मिळायला एवढाच वेळ लागला असता.

घरी येताना पोस्टमास्तरांचा आनंद आणि तिचा नळ एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. कार्यक्रम बंद व्हावा असे मला वाटत नाही. तो बंद झाला तर कोणीतरी फाटकापर्यंत जाणार नाही. पण चांगले काम करणाऱ्या माणसांच्या चांगुलपणाचा इतरांना धाक बसतो, धाकट्या. उपकार घेणाऱ्याने 'हे नको होते' म्हणायचे नसते, आणि ते तो म्हणाला तर दुभाष्याने सांगायचे नसते.

चित्रणाला मी यावे की नाही, तेही तूच सांग.

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

'ये. मागे उभी राहा,' असे तू लिहिलेस, त्याप्रमाणे आले आणि कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिले. जे झाले ते तुझ्यासमोरच झाले. तरी लिहिते, कारण तू त्या बाजूला होतास आणि ऐकू येण्याची बाजू माझ्याकडे होती.

शाळेतल्या बाई आल्या, चष्मा पुसला, तुझ्यापुढे बसल्या आणि तू हात उचललेस. त्यांचे पहिले वाक्य ऐकून मी दचकले. त्या म्हणाल्या, "मी शिंपी आहे. हे माझं घर आहे." मला वाटले त्या स्वतःविषयी काही सांगत आहेत! मग कळले. आयुष्यभर मी तुझे बोलणे 'तो म्हणतोय, तो म्हणतोय' असे सांगत आले. त्या बाईंनी एकदाही 'तो' म्हटले नाही. तुझे हात 'मी' म्हणाले की त्या 'मी' म्हणत होत्या.

आणि तू किती नेटके बोललास! मला भीती होती की तू सगळ्यांना फैलावर घेशील. तू छपरापासून सुरुवात केलीस. वायर दुरुस्त करणाऱ्या विजेच्या मिस्त्रीचे आभार मानलेस, माणूस आठवून. मुलीचा खोकला गेला, हे मला ऐकू येत नाही पण ती आता शेवटच्या बाकावरून पुढच्या बाकावर आली, असे म्हणालास. त्यानंतर जमिनीचे सांगितलेस. वहिनीचे सांगितलेस. मनगटाची दोरी कॅमेऱ्यापुढे धरलीस. "बैलालाही निदान कळतं की कासरा कोणी ओढला," बाईंच्या तोंडून आले आणि कॅमेरामनला हसू फुटले, मग त्याने तोंड फिरवले.

निर्मातीबाई हुशार आहेत. त्यांनी हे सगळे येऊ दिले आणि शेवटी विचारले, "आणि ज्यांच्यामुळे हे घर झालं, त्या ताईंना काय सांगाल?"

तू बाईंचा हात हलकेच खाली केलास, कॅमेऱ्याच्या पलीकडे माझ्याकडे पाहिलेस आणि बोललास. ते पुढे कधी मी गोड करून आठवू नये, म्हणून जसेच्या तसे लिहून ठेवते. 'माझा आवाज हो, असं मी तुला कधी म्हटलं नव्हतं. तुला बोलायला आवडायचं. आता माझं मी बघतो. मला तुझा राग आहे, पण तो उतरेल. माझ्या बायकोचा उतरेल की नाही, माहीत नाही. तिला तू डोळ्यांसमोर नको आहेस. ती म्हणेल तेव्हा ये.'

"काय म्हणाले?" निर्मातीबाईंनी बाईंना विचारले.

"ते मला सांगितलेलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या.

"मॅडम, तुम्हाला तर कळलं असेल!"

"कळलं."

"मग सांगा ना! शेवट आहे भागाचा!"

कॅमेरा माझ्याकडे वळला होता. या वेळी ऊन भरपूर होते. तोंडावर एक वाक्य आलेही होते, दोन्ही बाजू सांभाळणारे, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणारे. अशी वाक्ये मला पटकन सुचतात.

"ते आमच्या घरातलं आहे," मी म्हणाले.

"मग मी शेवट काय दाखवू?"

"तो आता फरशी उखडणार आहे. हवं तर ते दाखवा."

त्यांनी ते घेतले नाही. सामान गाडीत चढवले. मजकूर तुला आधी वाचायला मिळेल का, या प्रश्नावर पुन्हा "बघू" मिळाले. मी मात्र विचारत राहीन, मला त्यांच्याकडे काम मिळो वा न मिळो. सुकलेल्या लाकडाच्या वखारीचा पत्ता पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर आहे. तुळया किती अंतरावर टाकाव्यात, हे मी लिहिलेले नाही. तुझा सुतार पाहील.

मी अंगणातून रस्त्यावर आले आणि मागून पहिल्या फरशीवर घण पडल्याचा आवाज आला. वळून पाहिले असते तर दारातून तू दिसला असतास, वाकलेला, बाह्या दुमडलेला. फार पाहावेसे वाटले. पण वहिनीची खाट खिडकीपाशी आहे आणि खिडकी रस्त्याकडे उघडते. मी वळले असते, तर माझा चेहरा तिला दिसला असता.

तिला माझी पाठच दिसू दिली आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

ताई